मोटारीच्या रेडिएटरांतील उष्णतेची कळ

मोटार ही वस्तु आतां केवळ श्रीमंतांच्या दारांत उभी राहणारी राहिलेली नाहीं. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्यांत, दूध डेअरीस पोंचविणारा शेतकरी, कांद्याच्या गोणी बाजारांत नेणारा व्यापारी, शिर्डीस जाणारा यात्रेकरू आणि आजाऱ्यास शहरांत आणणारा त्याचा मुलगा, या सर्वांची भिस्त चार चाकांवर आहे. असें असूनहि, ज्या यंत्रावर आपण मुलांबाळांसह विसंबून राहतों, त्याच्या बॉनेटखालीं काय चाललें आहे याची माहिती फार थोड्यांस असते. त्या यंत्रांतील एका लहानशा भागाचा परिचय करून देण्याचा आज माझा विचार आहे. हा भाग अंगठ्याएवढा असतो. त्याची किंमत एंजिनाच्या किंमतीपुढें कांहींच नाहीं. परंतु तो आपलें काम करीनासा झाला तर तेंच मोलाचें एंजिन थोड्या वेळांत निकामी होऊं शकतें. कारखान्यांतील मिस्त्री त्याला थर्मो-स्विच किंवा फॅन-स्विच म्हणतात. आपण त्याला उष्णतेची कळ म्हणूं.

ही कळ कां लागते हें समजण्यासाठीं प्रथम एंजिनांतील उष्णतेचा जमाखर्च पाहिला पाहिजे. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें ८,००० किलोकॅलरी इतकी उष्णता उत्पन्न होते. तींतील साधारणपणें चौथा ते तिसरा हिस्साच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. एक मोठा भाग धुराबरोबर मागील नळींतून निघून जातो, आणि जवळजवळ ३० टक्के उष्णता एंजिनाच्या धातूंत शिरते. एवढ्या उष्णतेनें तीस लिटरांहून अधिक पाणी साध्या उष्णतामानापासून उकळीपर्यंत तापवितां येईल. आणि लहान मोटारींत पाणी असतें तें अवघें चार-पांच लिटर! ही उष्णता सतत बाहेर काढली नाहीं, तर आंतील तेल पातळ होऊन त्याचें वंगण नाहींसें होईल, दट्ट्ये फुगून नळकांड्यांत अडकतील, आणि एंजिनाचें वरचें झांकण, ज्यास हेड म्हणतात, तें वांकडें होईल.

उष्णता बाहेर काढण्याचें काम पाण्याकडे दिलेलें असतें. एंजिनाच्या धातूमध्यें पाण्याच्या वाटा ठेवलेल्या असतात. त्यांतून फिरणारें पाणी तापतें, रबरी नळीनें पुढील बाजूस असलेल्या रेडिएटरांत येतें, तेथील बारीक बारीक नळ्यांतून जातांना वाऱ्यानें निवतें, आणि पुन्हां एंजिनांत परत जातें. हें पाणी फिरतें ठेवण्यासाठीं एक पंप असतो. म्हणजे रेडिएटर हा पाणी साठविण्याचा हौद नसून पाण्याची उष्णता वाऱ्यास देऊन टाकण्याचें ठिकाण आहे. त्यावरील झांकणहि साधें नसतें. तें आंतील पाण्यावर दाब ठेवतें. आमचें नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंच असल्यामुळें येथें उघड्या भांड्यांतील पाणी १०० अंशांऐवजीं सुमारें ९८ अंशांसच उकळतें. पण रेडिएटरांतील दाबलेलें पाणी ११५ ते १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. डाळ शिजविण्याच्या कुकरांत जें तत्त्व, तेंच येथें.

आतां वाऱ्याचा विचार करूं. मोटार मोकळ्या रस्त्यावर वेगानें धांवत असली म्हणजे समोरचा वारा आपोआप रेडिएटरांतून जातो व पाणी निवण्यास तो पुरतो. अडचण येते ती मोटार उभी असतांना किंवा संथ चालतांना. उसाच्या गाड्यांच्या रांगेमागें अडकलेली मोटार, शनिशिंगणापूरच्या वाटेवर अमावास्येच्या गर्दींत खोळंबलेली मोटार, किंवा करंजीचा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्यें चढणारी मोटार, यांना समोरचा वारा मिळत नाहीं. आणि एंजिन तर जळतच असतें. त्यांत वैशाखाचा दिवस असला म्हणजे पंचाईत अधिकच. हिंवाळ्यांत वारा २५ अंशांचा व रेडिएटरांतील पाणी ९५ अंशांचें असलें तर दोहोंत ७० अंशांचें अंतर असतें. उन्हाळ्यांत वाराच ४२ अंशांचा झाला कीं तें अंतर ५३ अंशांवर येतें. उष्णता ज्या वेगानें बाहेर जाते तो वेग या अंतरावर अवलंबून असल्यामुळें, रेडिएटर तोच असूनहि त्याचें काम जवळजवळ चौथ्या हिश्श्यानें घटतें. अशा वेळीं वारा ओढून घेण्यासाठीं पंखा लागतो.

पूर्वींच्या मोटारींत हा पंखा एंजिनाच्याच फिरण्यावर, पट्ट्यानें जोडून, चालविलेला असे. १ जून १९४८ रोजीं राज्य परिवहनाची पहिली एस. टी. मोटार पुणें व नगर यांच्या दरम्यान धांवली. तिच्या काळीं ही पट्ट्याचीच रीत सर्वत्र रूढ होती, आणि पुढें ॲम्बॅसडरसारख्या मोटारींतहि ती राहिली. या रीतींत दोन उणीवा होत्या. एंजिन मंद फिरत असतां पंखाहि मंद फिरे, म्हणजे गरज अधिक असेल तेव्हां वारा कमी मिळे. आणि पहांटेच्या थंडींत, जेव्हां एंजिन लवकर तापावें अशी इच्छा असते, तेव्हांहि तो उगाच फिरून शक्ति खाई. पुढें एंजिन आडवें बसविण्याची पद्धत आली. आडव्या एंजिनाचा दांडा रेडिएटराच्या समोर येत नाहीं. त्यामुळें पट्ट्याच्या पंख्याची सोयच राहिली नाहीं. तेव्हां पंख्यास स्वतंत्र विजेची मोटर देण्यांत आली. १९८३ सालच्या डिसेंबरांत रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० पासून आपल्या देशांतील सामान्य कुटुंबांस या विजेच्या पंख्याचा परिचय झाला.

परंतु विजेचा पंखा केव्हां सुरू करावा व केव्हां थांबवावा हें ठरविणार कोण? चालवणाऱ्याची दृष्टि रस्त्यावर असते. ती वारंवार कांट्यावर ठेवणें त्यास शक्य नाहीं व तें योग्यहि नाहीं. म्हणून हें काम पाण्यांतच बसलेल्या एका पहारेकऱ्यास दिलें. तीच आपली उष्णतेची कळ.

तिची रचना समजण्यास सुताराच्या व लोहाराच्या मेटावर जावें. बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोखंडी धांव चढवितांना लोहार ती धांव प्रथम विस्तवांत लाल करितो. तापलेलें लोखंड प्रसरण पावतें, धांव सैल होते, आणि चाकावर बसविल्यावर पाणी ओततांच ती आवळून जागच्या जागीं घट्ट बसते. तापल्यानें धातु वाढते व निवल्यानें आटते, हा नियम आपल्या लोहारांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. आतां या नियमास एक पुस्ती जोडूं: सर्व धातु सारख्या प्रमाणांत वाढत नाहींत. पितळ पुष्कळ वाढतें. लोखंड त्याहून कमी. आणि लोखंड व निकेल यांचा इन्व्हार नांवाचा एक मिश्रधातु जवळजवळ वाढतच नाहीं. हा मिश्रधातु शोधून काढणाऱ्या गियोम या शास्त्रज्ञास १९२० सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

पुष्कळ वाढणाऱ्या धातूची एक पट्टी व कमी वाढणाऱ्या धातूची दुसरी पट्टी एकमेकींस पक्की चिकटविली, आणि ती जोडपट्टी तापविली, तर काय होईल? एक बाजू लांब होऊं पाहील, दुसरी तिला धरून ठेवील. परिणामीं पट्टी वांकेल. उष्णतेचें रूपांतर हालचालींत झालें! उष्णतेच्या कळेंत अशीच दोन धातूंची एक लहान वाटोळी चकती असते. ती पितळी आवरणांत बंद करून त्या आवरणाचें टोंक रेडिएटराच्या पाण्यांत बुडेल असें आट्यांनीं बसविलेलें असतें. पाणी ठराविक मर्यादेपर्यंत तापलें कीं चकती वांकते, आंतील दोन टोंकें एकमेकांस टेकतात, वीज वाहूं लागते, आणि पंखा फिरूं लागतो.

येथें कोणी विचारील, कीं चकती हळूहळू वांकत असेल तर टोंकेंहि हळूहळूच टेकत असतील? तसें झालें तर मोठा घोटाळा होईल. टोंकें अर्धवट टेकलीं असतां त्यांच्यामध्यें ठिणग्या उडतात व तीं थोड्याच दिवसांत जळून जातात. म्हणून चकती सपाट न ठेवतां किंचित् फुगीर केलेली असते. पत्र्याच्या डब्याचें फुगलेलें झांकण बोटानें दाबावें. तें कांहीं वेळ दाद देत नाहीं, आणि मग एकदम 'टक्' असा आवाज करून आंत बसतें. ही चकतीहि तशीच 'टक्' करून एका क्षणांत उलटी होते. मधली स्थिति नाहीं; एकतर पंखा चालू, नाहींतर बंद.

दुसरी खुबी याहून महत्त्वाची आहे. पंखा ज्या उष्णतामानास सुरू होतो त्याच उष्णतामानास तो बंद होत नाहीं. अशा कळेच्या अंगावर पुष्कळदां दोन आंकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ ९५ व ९०. याचा अर्थ ९५ अंशांस पंखा सुरू व्हावा आणि पाणी ९० अंशांपर्यंत निवल्यावर तो थांबावा. हें अंतर कां ठेवलें? उन्हाळ्यांत विहिरीवर पंप चालविणाऱ्या शेतकऱ्यास हें मी सांगावयास नको. विहिरींत पाणी पुरेसें चढेपर्यंत तो थांबतो, मग पंप सुरू करितो, व पाणी तळाशीं जाण्यापूर्वीं बंद करितो. घागरभर पाणी आलें कीं सुरू, घागरभर उपसलें कीं बंद, असें करूं लागला तर पंप दिवसांत शंभरदां चालू-बंद होऊन जळेल. तोच न्याय येथें आहे. दोन आंकड्यांमधील पांच-सात अंशांचें अंतर हा कळेचा दोष नसून तिचा विवेक आहे.

पंख्यास लागणारा विद्युत्प्रवाह लहान नसतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर २०० वॅटचा पंखा चालवावयाचा तर सुमारें १७ अँपिअर प्रवाह लागतो. एवढा भार त्या लहान कळेवर टाकण्याऐवजीं बहुतेक मोटारींत मध्यें रिले नांवाची पेटी घालतात. कळ फक्त रिलेस अल्पसा प्रवाह देऊन जागें करिते. मोठा प्रवाह रिलेंतून पंख्याकडे जातो. कळ हा हुकूम देणारा आणि रिले हा भार उचलणारा, असें म्हणतां येईल. वाटेंत एक फ्यूजहि असतो. कांहीं मोटारींत एकाच कळेंत दोन जोड टोंकें असतात. पहिल्या मर्यादेस पंखा मंद फिरतो, व पाणी त्याहूनहि तापलें तर जोरानें फिरूं लागतो. कित्येक मोटारींत चावी काढून घेतल्यावरहि पंखा थोडा वेळ फिरत राहतो. त्याचें कारण हेंच, कीं कळेस वीज थेट बॅटरींतून मिळते आणि एंजिन थांबलें तरी त्याची ऊब लगेच जात नाहीं. तो बिघाड समजूं नये.

नांवांच्या सारखेपणामुळें एक गोंधळ नेहमीं होतो, तो दूर केला पाहिजे. एंजिनाच्या पाण्याशीं संबंध असलेल्या तीन निरनिराळ्या वस्तु आहेत. पहिली थर्मोस्टॅट, ही मेणावर चालणारी झडप असून तिला वीज लागत नाहीं. एंजिन थंड असतां ती पाण्याची रेडिएटराकडील वाट बंद ठेवते, व पाणी सुमारें ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तापलें म्हणजे आंतील मेण वितळून फुगतें आणि वाट उघडते. दुसरी वस्तु म्हणजे चालवणाऱ्याच्या पुढील कांट्यास उष्णतामान कळविणारा संवेदक. त्याचा विद्युत्-रोध पाणी तापेल तसा कमी होतो व त्यावरून कांटा हलतो. तिसरी आपली उष्णतेची कळ. पाणी तापूं लागलें म्हणून दुकानांत जाऊन या तिघांपैकीं भलतीच वस्तु आणणारे लोक पुष्कळ आहेत. दोष झडपेचा असतां कळ बदलून, किंवा कळेचा असतां कांट्याचा संवेदक बदलून, पैसा जातो आणि धोका तसाच राहतो.

मग दोष कोणाचा हें ओळखावें कसें? थोडी विचारशक्ति चालविली तर पुष्कळ उलगडा घरींच होतो. मोटार मोकळ्या रस्त्यावर ठीक चालते, पण गर्दींत उभी राहिली कीं कांटा वर चढतो, असें असेल तर संशय पंखा, त्याचा फ्यूज, रिले किंवा कळ यांवर घ्यावा. कारण धांवतांना पंख्याची गरजच नसते. उलट, सपाट रस्त्यावर वेगानें जातांनाहि कांटा चढत असेल, तर पाणी कमी असणें, झडप अडकणें, पंप बिघडणें, किंवा विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यानें रेडिएटराच्या नळ्या बुजणें, यांपैकीं कांहींतरी असावें. पंखा सकाळीं चावी फिरवतांच सुरू होऊन थांबतच नसेल, तर जुन्या धाटणीच्या मोटारींत कळेचीं किंवा रिलेचीं टोंकें चिकटून बसलीं असण्याचा संभव असतो.

कळेची परीक्षा करणें शाळेंतील एखाद्या प्रयोगाइतकें सोपें आहे. ती काढून तिचें धातूचें टोंक पाण्याच्या पातेल्यांत बुडवावें, तारांचें टोंक कोरडें ठेवावें, आणि बॅटरी, लहान दिवा व कळ यांची एक साखळी करावी. पाण्यांत उष्णतामापक धरून तें तापवीत जावें. कोरलेल्या आंकड्याच्या सुमारास दिवा लागला, व पाणी निवत असतां खालच्या आंकड्याजवळ विझला, तर कळ निर्दोष आहे. मात्र वर सांगितल्याप्रमाणें आमच्या उंचीवर उघडें पाणी ९८ अंशांपलीकडे जात नाहीं; तेव्हां कळेवर १०० चा आंकडा असेल तर साध्या पाण्यांत दिवा लागला नाहीं म्हणून तिला दोष देऊं नये.

कळ स्वतः निर्दोष असूनहि फसूं शकते, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. तिला ज्ञान होतें तें तिला स्पर्श करणाऱ्या पाण्याचेंच. रेडिएटरांतील पाणी गळून पातळी तिच्या खालीं गेली, किंवा पाणी भरतांना आंत हवा कोंडून राहिली, तर कळेभोंवतीं पाण्याऐवजीं हवा किंवा वाफ राहते. हवेंतून उष्णता तिच्यापर्यंत नीट पोंचत नाहीं. मग एकीकडे एंजिन करपत असतें आणि दुसरीकडे पंखा शांत उभा असतो. पहारेकरी जागा आहे, पण चोर त्याच्या दारावरून गेलाच नाहीं, अशी ती स्थिति. म्हणून पाण्याची पातळी पाहणें हें कळ तपासण्याच्याहि आधींचें काम आहे. आणि तें एंजिन थंड असतांना, सकाळींच करावयाचें.

आतां एका अशा प्रथेविषयीं सांगतों जी आपल्याकडे फार बोकाळली आहे. कळ बिघडली कीं कित्येक मिस्त्री ती बदलण्याऐवजीं पंख्याची तार 'डायरेक्ट' करून देतात. म्हणजे चावी फिरवितांच पंखा सुरू, किंवा चालवणाऱ्यापुढें एक बटन. पहिल्या प्रकारांत एंजिनास योग्य ऊब येण्यास फार वेळ लागतो. थंड एंजिन पेट्रोल अधिक खातें, तें पेट्रोल तेलांत मिसळून वंगण बिघडवितें, व बॅटरीवरहि व्यर्थ भार पडतो. दुसरा प्रकार याहून वाईट, कारण तो माणसाच्या स्मरणशक्तीवर सोंपविलेला आहे. आमच्या भागांतील एका गृहस्थांच्या मोटारींत असें बटन बसविलें होतें. मे महिन्याच्या दुपारीं सुनेस बाळंतपणासाठीं शहरांत नेण्याची घाई झाली. घाटाच्या चढणीवर, मागें वेदनांनीं कण्हणारी मुलगी असतां, बटन दाबण्याचें भान कोणास राहणार? अर्ध्या घाटांत एंजिन वाफ सोडून बंद पडलें. मागून येणाऱ्या एका टेंपोवाल्यानें त्यांस शहरांत पोंचविलें म्हणून बाळ-बाळंतीण सुखरूप राहिलीं. पण एंजिनाचें हेड वांकडें झालें व दुरुस्तीचा खर्च नव्या कळेच्या अनेक पटींनीं आला. ज्या क्षणीं माणूस गांगरतो नेमक्या त्याच क्षणीं न विसरणारें यंत्र हवें असतें. कळेचें खरें मोल तें हें.

अलीकडच्या मोटारींत ही रचना बदलली आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. त्यांत पंख्यासाठीं निराळी कळ बहुधा नसते. एकच संवेदक पाण्याचें उष्णतामान एंजिनाच्या संगणकास कळवितो, आणि तो संगणक रिलेमार्फत पंखा चालवितो. संवेदकाकडून वार्ता येईनाशी झाली तर पुष्कळ मोटारींतील संगणक सावधगिरी म्हणून पंखा सतत चालू ठेवतो. अशा मोटारींत तारा काढून एकमेकींस जोडून पाहण्याचा जुना प्रयोग करूं नये. योग्य उपकरण असलेल्या जाणकाराकडेच ती न्यावी. साधनें बदललीं तरी तत्त्व तेंच आहे: पाण्याची उष्णता जाणावी, आणि वारा द्यावा.

शेवटीं प्रत्येकानें पाळाव्यात अशा चार गोष्टी सांगतों. कांटा तांबड्या खुणेकडे गेला किंवा तांबडा दिवा लागला, तर "पुढच्या गांवापर्यंत जाऊं" असें न म्हणतां सुरक्षित जागीं थांबावें व एंजिन बंद करावें. थांबण्याजोगी जागा लगेच नसेल तर मोटारींतील गरम हवेचा हीटर पुरता उघडावा. आंत उकडेल खरें, पण तेवढी उष्णता एंजिनांतून बाहेर पडेल. तापलेल्या रेडिएटराचें झांकण कधींहि उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असतें. झांकण सैल होतांच दाब जातो, पाण्याची क्षणार्धांत वाफ होते आणि ती उघडणाऱ्याच्या तोंडावर व हातांवर येते. अर्धा-पाऊण तास थांबल्यानें कोणाचें फारसें अडत नाहीं. भाजलेला डोळा मात्र परत मिळत नाहीं. तापलेल्या एंजिनावर थंड पाणी ओतूं नये, तें तडकतें. आणि एंजिन बंद असलें तरी पंख्याच्या पात्यांत हात घालूं नये. कळेनें हुकूम दिला तर तो पंखा कोणत्याहि क्षणीं फिरूं लागेल.

उन्हाळा सुरू होण्यापूर्वीं एके दिवशीं सकाळीं मोटार अंगणांत उभी करावी. थंड असतांनाच पाण्याची पातळी पाहावी, मग एंजिन चालू ठेवून कांट्याकडे लक्ष द्यावें. कांटा मध्यावर येऊन थोडा वेळ गेल्यावर पंखा आपण होऊन सुरू झाला, पाणी निववून थांबला, आणि पुन्हां यथाकाल सुरू झाला, तर आपला लहान पहारेकरी जागा आहे असें समजावें. तसें न झालें तर प्रवासास निघण्यापूर्वींच जाणत्या मिस्त्रीकडे जावें, आणि तार 'डायरेक्ट' करून न घेतां त्याच आंकड्यांची नवी कळ बसवून घ्यावी.